बांगड्यांच्या पेटीवरची ज्वाळा

नदीकाठच्या एका पेठेत भिकुशेट नावाचा कासार राहत असे. कोणत्या मनगटाला कोणत्या मापाची बांगडी बसेल, हे तो नुसते पाहून सांगे. बांगड्या भरताना त्याच्या हातून कधी कोणाला कळ लागली नाही. माणूस सरळ होता. मालात खोट नाही, बोलण्यात तिरकेपणा नाही. त्याला दुःख एकच होते. त्याचा माल काचेचा होता आणि नावांच्या धक्क्यावरचे जग घाईत होते.

पेठ नदीच्या अलीकडे आणि त्याची बरीचशी गिऱ्हाइके पलीकडे. मधे रुंद पात्र. त्यामुळे बांगड्यांच्या पेट्या नावेतूनच न्याव्या लागत. धक्क्यावरचे हमाल पेटी उचलत, चार पावले चालत आणि नावेत सोडून देत. आत खळ्ळकन आवाज होई. तो आवाज भिकुशेटच्या काळजात उमटे.

"हळू रे बाबांनो, काच आहे!" तो ओरडे.

"हळूच ठेवतोय, शेट," म्हणत हमाल पुढची पेटी तशीच सोडत. त्यांच्या मनात वाईट काही नसे. दिवसभरात त्यांच्या खांद्यावरून गूळ जाई, मीठ जाई, लोखंड जाई. पेटी म्हणजे त्यांना पेटी. आत काय आहे याचा विचार करायला उसंत कोणाला?

एकदा पलीकडच्या गावात एका मुलीचे लग्न होते. भिकुशेटने हिरव्या चुड्याची पेटी मोठ्या हौसेने भरली. मांडवात नेऊन उघडली, तर निम्म्याहून अधिक काचाच काचा. नवरीच्या आईने तो हिरवा चुरा पाहिला आणि ती एक शब्दही बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर भिकुशेटने ऐकून घेतल्या असत्या. पण तिचे ते न बोलणे त्याला फार लागले. उरलेल्या बांगड्यांतून कसेबसे दोन हात भरून तो परतला.

त्या परतीच्या वाटेवर, धक्क्यावर उतरताना, त्याला एक वेगळेच दृश्य दिसले. तेच हमाल, तेच खांदे, पण एक पेटी ते तान्ह्या मुलासारखी उचलत होते. दोघे जण वाकले, पेटी अलगद घेतली, पायाखालचे पाणी चुकवत चालले आणि एका रिकाम्या नावेत कोरड्या फळ्यांवर तिला हलकेच टेकवले. पेटीच्या चारही बाजूंना तांबड्या रंगात एक मोठी ज्वाळा रंगवलेली होती.

ती पेटी तानाई लोणारणीची होती. तानाई म्हणजे पेठेबाहेरच्या चुनाभट्टीची मालकीण. नवरा गेल्यावर भट्टी तिनेच सांभाळली. तिचा कळीचा चुना आसपासच्या साऱ्या गावांत जाई. हा कळीचा चुना मोठा लबाड माल. कोरडा असला तर दगडासारखा गप्प पडून राहतो. पाणी लागले की फसफसतो, उकळतो, इतका तापतो की शेजारचे गवत-लाकूड पेट घेते. फार वर्षांपूर्वी माणसांनी भरलेल्या एका नावेत कोणीतरी चुना आणून ठेवला होता. नावेच्या तळाला पाणी होते. त्या दिवशी जे झाले, त्यात पेठेतली कितीतरी घरे एकदम ओसाड झाली.

तेव्हाच्या जाणत्या माणसांनी मग धक्क्यावर नियम घालून दिला. तापणारा, पेटणारा, अंग जाळणारा कोणताही माल असो, त्याच्या पेटीवर तांबडी ज्वाळा रंगवायची. ती चारही बाजूंनी दिसली पाहिजे, दोरीखाली किंवा गोणपाटाखाली झाकली जाता कामा नये. धक्क्यावर मुलुखामुलुखाचे हमाल येतात, ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही ती कळली पाहिजे. असा माल उंच ओट्यावर वेगळा ठेवायचा आणि वेगळ्या नावेतून न्यायचा. त्या नावेत माणूस बसवायचा नाही, नावाड्याशिवाय. आणि पेटी रिकामी झाली की ज्वाळा घासून काढायची. हा नियम हमालांच्या अंगात इतका मुरला होता की ज्वाळा दिसली की त्यांचे हात आपोआप हलके होत.

भिकुशेट ते पाहत उभा राहिला. घरी आला तो तांबडा रंग घेऊनच.

त्याची बायको सगुणा अंगणात पेंढा निवडत होती. बांगड्या त्या पेंढ्यात गुंडाळून पेटीत भरत. नवरा पेटीवर ज्वाळा काढतो आहे, हे पाहून ती थबकली.

"अहो, बांगड्या कधीपासून पेटायला लागल्या?"

"पेटत नाहीत. पण फुटतात ना!"

"मग फुटतात असं सांगा की."

"रोज सांगतो. ऐकतं कोण? हिचं मात्र सगळे ऐकतात." त्याने कुंचल्याने ज्वाळेकडे बोट दाखवल्यासारखे केले. "आणि यात कोणाचं काय जातंय? उलट जपूनच नेतील."

सगुणाला ते पटले नाही. पण यात वाईट नेमके काय, हेही तिला सांगता येईना. ती पुन्हा पेंढा निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर भिकुशेटच्या पेट्या आल्या. हमालांनी ज्वाळा पाहिली. त्यांनी पेट्या अलगद उचलल्या, उंच ओट्यावर ठेवल्या, वेगळ्या नावेतून नेल्या. पलीकडे पेटी उघडली तर एकही बांगडी फुटली नव्हती. भिकुशेटला इतका आनंद झाला की त्याने येताना हमालांसाठी भेळ-भत्ता आणला. हमालांनी खाल्ला. मग एकाने विचारले, "शेट, हे पेटतंय तरी काय तुमच्या पेटीत?"

भिकुशेट हसला. "अरे, बांगड्या आहेत. तुम्ही आपटू नये म्हणून काढलंय ते."

हमालही हसले. त्यांना त्यात गंमत वाटली. भिकुशेटने खोटे सांगितले नव्हते, विचारल्याबरोबर खरे सांगून टाकले होते. म्हणून त्याच्या मनाला काही टोचलेही नाही.

पण पेठ म्हटली की गोष्ट लपून राहत नाही. महिन्याभरात लोणच्याच्या बरण्यांवर ज्वाळा आली. मग तुपाच्या घागरींवर आली. पैठण्यांच्या गाठोड्यावर आली, कारण विणकराला वाटले की आपला माल कोणी चिखलात टेकवू नये. एकाने सतारींवर काढली. एका आजीबाईने लेकीकडे पाठवायच्या कुरडयांच्या डब्यावरही काढून घेतली. धक्क्याच्या नाकेदाराने आधी भुवई उंचावली. मग तो म्हणाला, "जपून नेला तर बिघडलं काय? आपल्यालाही तक्रारी कमीच." आणि त्याने तोंड फिरवले.

वेगळी नाव एकच होती. ती आता पुरेना. उंच ओटा लोणच्या-तुपाने भरून वाहू लागला. मग हमाल ज्वाळेच्या पेट्या माणसांच्या नावेतही ठेवू लागले. कोणी विचारलेच तर म्हणत, "काय नाही हो, कुरडया आहेत." लोक हसत आणि पेटीवरच टेकून बसत.

तानाईने हे पाहिले आणि एके सकाळी ती भिकुशेटच्या दुकानात आली. हात चुन्याने पांढरे पडलेले. बायकांच्या गर्दीत ती मागेच उभी राहिली. गर्दी ओसरल्यावर पुढे आली.

"शेट, पेट्यांवरची ज्वाळा पुसा."

"का गं तानाई? खूण काय तुझ्या मालकीची आहे?"

"नाही. माझ्या मालकीची असती तर तुम्हाला देऊन टाकली असती. पण माझ्या पेटीत काय आहे हे सांगायला मी नावेतून बरोबर जात नाही. माझ्या वतीनं ती खूण बोलते. आता ती तुमच्या बांगड्यांचंही बोलायला लागली, तर तिचं कोण खरं मानणार?"

"तानाई, एवढं कशाला मनावर घेतेस? हमाल काय वेडे आहेत? तुझी पेटी त्यांना बरोबर ओळखू येते."

"देव करो आणि येवो," असे म्हणून तानाई निघून गेली. भिकुशेटला वाईट वाटले. पण पुढच्या पेट्या भरताना त्याला नवरीच्या आईचा तो चेहरा आठवला आणि त्याने कुंचला पुन्हा रंगात बुडवला.

पुढे पलीकडच्या तीरावर देवीची जत्रा आली. जत्रा म्हणजे कासाराची सुगी. भिकुशेटने वर्षभराचा निवडक माल काढला, पेट्या भरल्या आणि या वेळी पेट्यांबरोबर स्वतः निघाला. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच सकाळी तानाईनेही चुना पाठवला होता. जत्रेच्या निमित्ताने देवळाच्या नव्या ओवऱ्यांचे काम चालू होते, तिथे तो हवा होता. तिने दोन पेट्या स्वतः आणून उंच ओट्यावर ठेवल्या, हमालांना दाखवल्या, "या वेगळ्या नावेत," असे बजावले आणि ती भट्टीवर परतली.

ओट्यावर तिच्या पेट्यांना लागूनच भिकुशेटच्या पेट्या होत्या. पेठेत सुतार एकच. पेट्यांचे माप एक, लाकूड एक, आणि आता खूणही एक.

मुकादमाने ओरडून सांगितले, "शेटच्या पेट्या गोमाच्या नावेत!" हमालांनी ओळीने पेट्या उचलल्या. त्यांत त्या दोन पेट्याही गेल्या.

गोमा हा धक्क्यावरचा जुना नावाडी. पेटीवर ज्वाळा पाहून सवयीने त्याने हात आडवा केला. "थांबा रे. माणसं आहेत नावेत."

हमाल म्हणाला, "गोमा, बांगड्या आहेत. शेट स्वतःच बसलेत की तुझ्या नावेत!"

गोमाने पाहिले. भिकुशेट खरेच बसला होता. त्याने हात खाली घेतला. दोन पेट्या जरा जास्त जड लागल्या, म्हणून हमालांनी त्या तळाशी ठेवल्या आणि बाकीच्या वर रचल्या. "यंदा शेटनी माल ठासून भरलाय," एवढेच कोणीतरी म्हणाले.

नाव निघाली. नावेत जत्रेला निघालेल्या बायका होत्या, लेकुरवाळ्या होत्या, एक म्हातारा नवसाची कोंबडी मांडीवर घेऊन बसला होता. ऊन कोवळे होते. नदी संथ होती. तळाशी थोडे पाणी साचले होते, तसे ते नेहमीच साचते. भिकुशेट आपल्या पेट्यांना पाठ लावून बसला. बायकांशी गप्पा मारत, कोणाला कोणत्या रंगाचा चुडा खुलेल ते सांगत होता.

त्याच्या पाठीला ऊब लागली. त्याला वाटले, ऊन. जरा वेळाने ऊब वाढली. तो सरकून बसला. मग कानाशी बारीक आवाज आला, चुलीवर पाण्याचे भांडे बोलू लागते तसा. आणि पेट्यांच्या फटींतून पांढरी वाफ वर आली.

भिकुशेटच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग तो ताडकन उठला.

"गोमा! चुना आहे! पेट्यांत चुना आहे!"

एका माणसाने धूर समजून तांब्या नदीत बुडवला आणि तो पेट्यांवर ओतायला धावला. भिकुशेटने झेप घेऊन त्याचे मनगट धरले. "पाणी नको! पाण्यानंच तापतोय तो!"

गोमाने वल्हे टाकले आणि तो पुढे आला. "कोणत्या पेटीत आहे, शेट?"

भिकुशेटने पेट्यांकडे पाहिले. प्रत्येक पेटीवर ज्वाळा. सारख्याच उंचीची, सारख्याच रंगाची. त्याने आपल्या हाताने रंगवलेल्या पेट्या कोणत्या आणि तानाईच्या कोणत्या, हे त्याला स्वतःलाच कळेना.

"तुमच्या कोणत्या, तेवढं तरी सांगा!" गोमा ओरडला.

"मला ओळखू येत नाही रे," भिकुशेट म्हणाला. आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. पण लाजेला वेळ नव्हता. पेंढा करपल्याचा वास येऊ लागला होता. तळाच्या चुन्याने वरच्या पेट्यांमधला पेंढा तापत होता. तो पेटला असता तर सगळी नाव पेटली असती.

भिकुशेटने पेटीवर तळवा ठेवला. गार. त्याने ती उचलली आणि नदीत भिरकावली. दुसरीवर तळवा ठेवला. गार. तीही भिरकावली. वर्षभराचा निवडक माल, हिरवे चुडे, सोनेरी वर्खाच्या राजवर्खी, लेकीबाळींसाठी बाजूला काढलेल्या नाजूक बिलोरी बांगड्या, सगळे एकामागून एक पाण्यात गेले. एका पेटीच्या तळाचा पेंढा धुमसत होता. तीही गेली. त्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

शेवटी तळाच्या दोन पेट्या उघड्या पडल्या. त्यांना हात लावणे शक्य नव्हते.

"याही टाका!" कोणीतरी किंचाळले.

"नका टाकू," गोमा म्हणाला. "नावेलगत पाण्यात पडल्या तर उकळी उसळून माणसांच्या अंगावर येईल. वाळूवर न्यायला हव्यात."

नदीच्या मधोमध वाळूचा एक पट्टा होता. नाव त्याच्या जवळच आली होती. गोमाने सगळ्यांना नावेच्या मागच्या टोकाला जायला सांगितले आणि दोन-चार जोरकस हातांत नाव वाळूला लावली. माणसे उतरली. म्हातारा उतरला, कोंबडी उतरली, लेकुरवाळ्या उतरल्या. मग गोमा आणि भिकुशेट या दोघांनी पेटीखाली वल्ही घातली आणि पालखीसारखी पहिली पेटी वाळूवर नेली. दुसरी नेताना तिचा भिजून नरम झालेला तळ सुटला. तापलेला, लिबलिबीत चुना गोमाच्या उजव्या हातावर कोसळला.

गोमाचे ओरडणे दोन्ही तीरांवर ऐकू गेले. भिकुशेटने त्याला ओढत वाहत्या पाण्यात नेले आणि हात पाण्यात धरून बसवले. कितीतरी वेळ तो गोमाचा हात धूत राहिला. गोमा दात आवळून बसला होता. दुसऱ्या तीरावरच्या नावा आल्या आणि त्यांनी सगळ्यांना पोचवले. कोणाचा जीव गेला नाही. पण गोमाच्या हाताची कातडी गेली, आणि वैद्याने सांगितले की बोटे पूर्वीसारखी वळायची नाहीत.

तिसऱ्या दिवशी चावडीवर पंच बसले. पेठ लोटली होती. लोक संतापले होते आणि संतापाला माणूस लागतो. तो माणूस त्यांना तानाईत सापडला.

"माणसं मेली असती या बाईच्या चुन्यानं!" लोणच्याचा व्यापारी म्हणाला.

"भट्टीच बंद करा," तुपाचा व्यापारी म्हणाला.

नाकेदाराने मान डोलावली. धक्क्यावर चुना पुन्हा येऊच द्यायचा नाही, असे ठरत आले. तानाई कोपऱ्यात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "मी ज्वाळा काढली होती. चारही बाजूंनी." पण तो आवाज गलक्यात बुडाला.

मग पंचांपैकी वडील पंच उठले. त्यांच्या हातात शाल होती. "भिकुशेटनं स्वतःचा सगळा माल पाण्यात टाकून नाव वाचवली. अशा माणसाचा मान करायला हवा." लोकांनी माना डोलावल्या. भिकुशेटला पुढे बोलावले.

भिकुशेट पुढे आला. शाल अगदी खांद्यापर्यंत आली होती. खाली मान घालून ती घेतली असती तर सगळे तिथेच मिटले असते. बांगड्या गेल्या होत्या, पण पेठेत त्याचे नाव झाले असते. तानाईची भट्टी बंद झाली असती आणि पेटीवरच्या कुंचल्याची आठवण कोणाला राहिली नसती. तो घुटमळला. मग त्याची नजर गोमाकडे गेली. गोमा हाताला केळीची पाने गुंडाळून भिंतीशी बसला होता.

भिकुशेटने शाल हाताने थोपवली.

"गोमा, एक विचारू? त्या पेट्यांवर ज्वाळा दिसली होती ना तुला?"

"दिसली होती, शेट."

"मग माणसांच्या नावेत का घेतल्यास?"

गोमा हातावरची पाने सारखी करू लागला. त्याला भिकुशेटला दुखवायचे नव्हते.

"सांग रे. खरं तेच सांग."

"मला वाटलं," गोमा हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या बांगड्याच असतील."

भिकुशेट पंचांकडे वळला.

"ऐकलंत? तानाईच्या पेटीनं खरं सांगितलं होतं. माझ्या पेट्यांनी रोज खोटं सांगून तिचा आवाज बसवला. गोमाचा हात चुन्यानं भाजला नाही, माझ्या कुंचल्यानं भाजला. बंद करायचंच असेल तर ते बंद करा."

लोणच्याच्या व्यापाऱ्याने मान खाली घातली. तुपाच्या व्यापाऱ्याने इकडेतिकडे पाहिले. नाकेदार उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मीही पाहिलं होतं. पाहून तोंड फिरवलं होतं."

वडील पंचांनी शाल घडी करून बाजूला ठेवली. मग ते बोलले. ज्वाळेचा माल असून ज्वाळा न लावणारा आणि ज्वाळेचा माल नसताना ज्वाळा लावणारा, दोघांचाही माल यापुढे धक्क्यावर घ्यायचा नाही. तानाईची भट्टी चालू राहील. ज्यांनी खोट्या ज्वाळा काढल्या, त्यांनी मिळून गोमाचे घर चालवायचे, जोवर तो वल्हे धरत नाही तोवर. भिकुशेट म्हणाला, "आणि त्यानंतरही, माझ्यापुरतं."

निकाल झाला. पण काम संपले नाही. खुणा पुसणे सोपे होते, भिकुशेटने तीन दिवस धक्क्यावर बसून वाळूने आणि काथ्याने पेट्या घासल्या, स्वतःच्या आणि इतरांच्याही. रिकाम्या खोक्यांवरच्या जुन्या ज्वाळाही त्याने सोडल्या नाहीत. अवघड होते ते पुढचे. तानाईची पेटी आली की हमाल अजूनही हसत. "काय, कुरडया का?" म्हणत. हात पूर्वीसारखे आपोआप हलके होईनात. मग भिकुशेट बाजाराच्या दर दिवशी धक्क्यावर जाऊन उभा राहू लागला. ज्वाळेची पेटी आली की तो नव्या-जुन्या प्रत्येक हमालाला सांगे, "ही खरी आहे." कोणी हसले तर तो त्याला गोमाकडे घेऊन जाई. गोमा नुसता हात पुढे करी.

बांगड्यांसाठी भिकुशेटने मुकादमाशी बसून दुसरी खूण ठरवली, निळ्या रंगात एक तडकलेली बांगडी. ही खूण दिसली की पेटी आपटायची नाही, एवढाच तिचा अर्थ. लोणचेवाल्यांनी आणि सतारवाल्यांनीही तीच घेतली. तरी अधूनमधून बांगड्या फुटत. फुटल्या की तो काचा वेचून फेकून देई आणि गिऱ्हाइकाची माफी मागे. तांबडा रंग मात्र त्याने पुन्हा घरात आणला नाही.

अशी कितीतरी वर्षे गेली. भिकुशेटचे केस पिकले. एके दुपारी तो धक्क्यावर बसला असताना वरच्या मुलुखातून एक नाव आली. नावाडी परका, त्याची भाषा कोणाला धड कळेना. नावेत सोनारांसाठी आणलेली, अंग जाळणाऱ्या तेजाबाची एक मोठी बरणी होती, पेटीत बसवलेली. पेटीवर तांबडी ज्वाळा होती. धक्क्यावर नुकताच लागलेला एक हमाल ती उतरवायला पुढे गेला. ज्वाळा दिसताच तो थांबला. त्याने हात वर केला. न सांगता लोक बाजूला झाले. एका बाईने आपल्या मुलाला मागे ओढले. दुसरा हमाल आला, दोघांनी वाकून पेटी उचलली आणि सावकाश, पाणी चुकवत, उंच ओट्यावर नेऊन ठेवली. मग सगळे आपापल्या कामाला लागले.

त्या दिवशी धक्क्यावर काहीही झाले नाही. भिकुशेट बराच वेळ तिथे समाधानाने बसून राहिला.

तात्पर्य: धोक्याची खूण जिथे धोका आहे तिथेच, आणि तिथे न चुकता, असावी. ती लपवणारा जितका दोषी, तितकाच आपल्या सोयीसाठी ती उगाच लावणाराही दोषी. कारण खोट्या खुणा वाढल्या की खऱ्या खुणेवर कोणाचा विश्वास उरत नाही, आणि त्याची किंमत भलत्याच माणसाला मोजावी लागते.